न उघडलेलं पाकीट: वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाची आजीव सभासद आहे. पॅलेस्टिनी कथा-कवितांच्या मराठी अभिवाचनाचा आमचा कार्यक्रम आपण ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी ‘पुढे ढकलला’. नवी तारीख दिली नाही. त्यानंतर मी दोन पत्रं लिहिली, एकदा कार्यालयात दोन तास बसून राहिले. उत्तर मिळालं नाही, म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कार्यक्रमही सगळ्यांसाठीच होता.

आपल्या नोटिशीत तीन कारणं दिली आहेत: विषय संवेदनशील आणि वादग्रस्त आहे, एका समाजाच्या भावना दुखावू शकतात, आणि मराठी वाचकाशी त्याचा थेट संबंध नाही. चौथं कारण एका सदस्यांनी जिन्यात तोंडी सांगितलं, की हे साहित्य नाही, राजकारण आहे, आणि तेही एकतर्फी. या चारही कारणांना मला उत्तर द्यायचं आहे. त्याआधी मी या विषयाकडे कशी आले ते सांगते, कारण आपल्यापैकी काहींना वाटतंय की मी वर्तमानपत्रं वाचून पेटून उठले.

माझं बालपण अलिबागचं. इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या वस्तीत, आमचं जाणंयेणं होतं. आळीतल्या एका मावशींच्या घरी मलिद्याला आम्हा मुलांना पहिलं बोलावणं असे. गोड केलेले पोहे, वर ओलं खोबरं, केळ्याच्या चकत्या, आणि एलियाहू हानबी या प्रेषिताचं नाव घेऊन मोठ्यांनी म्हटलेली प्रार्थना. मावशींचं कुटुंब पुढे इस्रायलला गेलं आणि लोद शहरात राहिलं. तिथून माझ्या आईला निळ्या एअरोग्रॅमवर मराठी पत्रं येत. एका पत्रात मावशींनी लिहिलं होतं की शेजारी एक जुनं दगडी घर आहे, अंगणात डाळिंबाचं झाड आहे, झाड लावणारे कुठे गेले ते विचारलं तर कोणी बोलत नाही. आईनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि थांबली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. डाळिंब लावणारे कुठे गेले हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे.

त्याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांतून मिळालं. लोद म्हणजे अरबांचं लिद्द. जुलै १९४८मध्ये लिद्द आणि शेजारचं रामले या दोन गावांतून मिळून ५० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी माणसं बाहेर काढली गेली, त्यांतली बरीचशी उन्हात चालत. त्या युद्धकाळात सुमारे ७ लाख लोक बेघर झाले, ४००हून अधिक गावं ओस पडली. अरबीत त्याला ‘नकबा’ म्हणतात, म्हणजे अरिष्ट. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या माणसांना निवारा मिळाला तो अशा एका शहरात. तोही त्यांना सुखासुखी मिळाला नाही. बेने इस्राएल खरे ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली. धरणी धरावी लागली, तेव्हा कुठे १९६४मध्ये संसदेनं ठराव करून त्यांना पूर्ण ज्यू मानलं. मावशींची पत्रं आणि डाळिंब लावणाऱ्यांच्या कविता मी एकाच टेबलावर ठेवून वाचत आले आहे. आपण मला एका बाजूची ठरवलंत तेव्हा हे आपल्याला माहीत नव्हतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी, की आपण संहिता वाचली नाहीत. ७० मिनिटांच्या कार्यक्रमाची संहिता मी तीन प्रतींत, ब्राउन पाकिटात घालून, दीड महिना आधी कार्यालयात दिली होती. कार्यक्रम रद्द झाल्यावर ते पाकीट मला परत मिळालं. त्याच्या तोंडावर मी लावलेली सेलोटेप जशीच्या तशी होती. चिकटवताना तिच्याखाली माझा एक पांढरा केस अडकला होता, तोही तिथेच होता. न वाचता एखादा मजकूर वादग्रस्त आहे हे कसं ठरवतात? वाचनालयाच्या मंडळाला मी हा प्रश्न विचारते आहे, म्हणून तो विचारताना मला जड जातं.

दुसरी तक्रार ‘एकतर्फी’ या शब्दाची. आपण पाकीट उघडलं असतं तर नवव्या पानावर पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानींच्या ‘हैफाला परत’ या १९६९च्या कादंबरीतला उतारा सापडला असता. सईद आणि सफिया हे जोडपं एप्रिल १९४८मध्ये हैफा शहरातून पळताना आपलं तान्हं बाळ मागे राहिलेलं सोडून बोटीत ढकललं जातं. १९६७च्या युद्धानंतर सीमा उघडते आणि वीस वर्षांनी ते आपल्याच घराची बेल वाजवतात. दार उघडते मिरियम. ती पोलंडची ज्यू आहे, तिचे वडील आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मारले गेले. हैफात आल्यावर एका मेलेल्या अरब मुलाला सैनिकांनी लाकडाच्या ओंडक्यासारखं ट्रकमध्ये फेकलेलं तिनं पाहिलं आणि तिला तिथे राहवेना. मग तिच्या पदरात एक बाळ आलं आणि ती राहिली. तेच, मागे राहिलेलं बाळ आता इस्रायली सैन्याचा गणवेश घालून घरी येतं. घर गमावलेल्या एका निर्वासित लेखकानं शत्रूच्या घरातल्या बाईच्या तोंडी तिचं दुःख असं घातलं आहे. त्या घरात सईद बसतो त्या खुर्चीपासून मोरपिसांपर्यंत, सात होती आता पाच उरली इथपर्यंत, सगळं त्याला दिसतं. हा उतारा वाचताना आमच्या तालमीत दोनदा थांबावं लागलं, कारण वाचणाऱ्या मुलीचा आवाज फुटत होता.

कनफानी एका सशस्त्र संघटनेचे प्रवक्ते होते, हे मला ठाऊक आहे. संहितेत ते तिसऱ्या पानावर लिहिलं आहे. ८ जुलै १९७२ रोजी बेरूतमध्ये त्यांच्या गाडीत ठेवलेल्या बॉम्बनं ते गेले आणि शेजारी बसलेली १७ वर्षांची भाची लमीस हीदेखील गेली, हेही त्याच पानावर आहे. काहीही लपवलेलं नव्हतं.

पॅलेस्टिनी कवी महमूद दर्वीश यांची १९६७च्या युद्धानंतरची एक कविता त्याच संहितेत आहे. युद्धातून आलेला आणि देश सोडून जायला निघालेला एक इस्रायली सैनिक तिच्यात बोलतो. त्याला पांढऱ्या लिलीची फुलं, आईची कॉफी आणि घरी सुखरूप परतणं एवढंच हवं आहे. ही कविता लिहिल्याबद्दल दर्वीशवर त्यांच्याच लोकांनी टीका केली होती. एकतर्फी कवीवर ही वेळ येत नाही.

तिसरी तक्रार ‘भावना’ या शब्दाची, आणि ती मला सर्वांत जास्त लागली आहे. ज्या समाजाच्या नावानं आपण कार्यक्रम थांबवलात, त्यातल्या कोणाला आपण विचारलंत? मावशी आता नाहीत. त्यांची मुलगी लोदला आहे, माझ्याशी मराठीत बोलते. ७ ऑक्टोबर २०२३ला ती आपल्या नातवंडांना घेऊन आसऱ्याच्या खोलीत बसली होती आणि मी इथून तिला फोन लावत होते. त्या दिवशी इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, सुमारे २५० ओलीस नेली गेली. ती भीती मी फोनवर ऐकली आहे. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार, ६० हजारांहून अधिक माणसं मेली. तिला मी संहिता पाठवली. दोन कविता तिला पटल्या नाहीत, तसं तिनं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली, ‘मिरियमचा भाग मात्र पुरा वाच गं, कापू नकोस.’ तिच्या भावनांची काळजी आपण तिच्याहून जास्त घेतलीत आणि तिला बोलायची संधी दिली नाहीत.

कवितेला घाबरणारे एकाच बाजूला असतात असंही नाही. मार्च २०००मध्ये इस्रायलचे शिक्षणमंत्री योसी सरीद यांनी दर्वीशच्या काही कविता शाळेत शिकवायला मुभा द्यावी असं म्हटल्यावर सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. पंतप्रधान एहुद बराक यांनी देश अजून त्यासाठी तयार नसल्याचं सांगितलं. आणि २००७मध्ये हमासच्या हाताखालच्या शिक्षण खात्यानं पॅलेस्टिनी लोककथांचा एक नावाजलेला संग्रह शाळांच्या ग्रंथालयांतून काढायचा हुकूम दिला. कारण काय, तर त्यातली भाषा अश्लील. पॅलेस्टिनी लेखक-वाचकांनीच आरडाओरडा केला आणि हुकूम मागे घ्यावा लागला.

त्या लोककथांवरून चौथ्या तक्रारीकडे येते. ‘मराठी वाचकाशी थेट संबंध नाही’ असं आपण लिहिलंत.

त्या कथांना अरबीत ‘हिकाये’ म्हणतात. हिवाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या बायका घरातल्या बायकांना आणि मुलांना त्या सांगतात. पुरुषांनी तिथे बसायचं नाही अशी रीत. युनेस्कोनं २००५मध्ये हिकायेचा मानवजातीच्या मौखिक वारशात समावेश केला. सांगणारी बाई सुरुवातीला देव एक आहे म्हणा असं म्हणते, ऐकणारे ते म्हणतात, मग कथा सुरू होते. शेवटी ती म्हणते, पाखरू उडालं, तुम्हा सर्वांची रात्र सुखाची जावो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनानं मी माझ्या आजीच्या शेजारी पाटावर बसले होते. ‘ऐका शुक्रवारा, तुमची कहाणी’पासून ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंत. तीच बाईमाणसांची बैठक, तसाच आरंभाचा आणि शेवटाचा ठरलेला बोल, तशीच राजाला चार गोष्टी ऐकवणारी गरिबाघरची सून. कार्यक्रमाची सुरुवात आम्ही एका हिकायेनं करणार होतो आणि ती नऊवारी नेसून जात्यापाशी बसून सांगितली जाणार होती.

पॅलेस्टाइनच्या खेड्यांत लग्नात दोन लोककवी समोरासमोर उभे राहून तिथल्या तिथे रचना करतात, एकानं टाकलं की दुसऱ्यानं त्याच यमकात उचलायचं, आणि रांगेत उभे पुरुष टाळ्यांवर पालुपद धरतात. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९३६ ते ३९च्या उठावात नूह इब्राहिम नावाचा असाच एक लोककवी गावोगाव ऐकला जात होता. ब्रिटिशांनी त्याच्या रचनांवर बंदी घातली आणि १९३८मध्ये तो लढताना मारला गेला. अरबीत कवीला ‘शाइर’ म्हणतात. आपला ‘शाहीर’ तिथूनच आलेला आहे. आणि परक्या मुलखाचं दुःख मराठी शाहिराचं नाही असं कोण म्हणेल? अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. १९४३मध्ये त्यांनी त्या शहराचा पोवाडा लिहिला आणि मुंबईच्या कामगारांनी तो ऐकला. त्या वेळी कोणी त्यांना थेट संबंध विचारला असेल असं मला वाटत नाही.

पाचवी तक्रार, ‘हे साहित्य नाही, राजकारण आहे’. राजकारण त्या साहित्यात आहेच. ते तिथे कसं आलं हे मात्र बघायला हवं. दर्वीश सात वर्षांचे असताना त्यांचं अल-बिरवा हे गाव गेलं. कुटुंब लेबनॉनला पळालं, साधारण वर्षभरानं लपतछपत परत आलं, तर गाव उरलं नव्हतं आणि शिरगणती होऊन गेली होती. कायद्याच्या भाषेत ते ‘हजर असलेले गैरहजर’ ठरले. आपल्याच मुलखात एका गावाहून दुसऱ्या गावी जायला लष्करी परवाना लागे. त्या परवान्याच्या खिडकीपुढून १९६४ची ‘ओळखपत्र’ ही कविता येते. समोरच्या कारकुनाला कवी सांगतो: नोंद कर. माझा कार्ड नंबर, मुलं किती, काम काय, केसांचा रंग कोणता. रेशनकार्डाच्या, जातीच्या दाखल्याच्या, सात-बाराच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ती कविता कळायला टिपा लागत नाहीत. तिचा पहिला शब्द ‘सज्जिल’. मी आधी ‘लिही’ केलं होतं, मग ‘लिहून घे’, शेवटी ‘नोंद कर’ ठेवलं, कारण सरकारी खिडकीवर आपण हेच म्हणतो.

आईच्या भाकरीची आणि कॉफीची त्यांची कविता तर तुरुंगातली. तिथे एका रात्री मी कॉफीच्या जागी चहा लिहिला. आपल्या घरात आई चहा करते म्हणून. सकाळी खोडला. १९८२मध्ये बेरूतवर बॉम्ब पडत असताना कॉफी करायला खिडकीलगतच्या स्वयंपाकघरापर्यंत कसं पोहोचायचं, यावर या माणसानं पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांच्या कॉफीचा चहा करायचा अधिकार मला नव्हता.

अनुवादात एक शब्द कुठे नेऊ शकतो याचं उदाहरण दारीन तातूर या कवयित्रीचं आहे. इस्रायलच्या नागरिक, नाझरेथजवळच्या. ऑक्टोबर २०१५मध्ये एक कविता आणि काही पोस्ट यांसाठी त्यांना अटक झाली. खटल्यात सरकारी पक्षानं पुढे केलेला हिब्रू अनुवाद एका पोलिसानं केलेला होता. ‘शहीद’ म्हणजे नेमकं काय, यावर कोर्टात खल झाला. अरबीत हल्ला करताना मेलेल्यालाही शहीद म्हणतात आणि सैनिकाच्या गोळीनं रस्त्यात पडलेल्या पोरालाही. शब्दाच्या मुळाशी ‘साक्ष’ हा अर्थ आहे. तातूर यांना २०१८मध्ये पाच महिन्यांची शिक्षा झाली. २०१९मध्ये वरच्या कोर्टानं पोस्टबद्दलचा दोष कायम ठेवला, पण कवितेबद्दलचा पुसला. मी तो शब्द मराठीत ‘हुतात्मा’ असा नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्यांना आपण हाच शब्द दिला आणि मुंबईच्या एका चौकाला त्यांचं नाव दिलं. त्यावर कोणाचा आक्षेप असेल तर तो मला समोरासमोर ऐकायचा आहे. त्यासाठी कार्यक्रमानंतर अर्धा तास चर्चेला ठेवला होता.

आणखी एक, थोडक्यात. ‘पुढे ढकलला’ हा शब्दप्रयोग ओळखीचा आहे. पॅलेस्टिनी लेखिका अदानिया शिबली यांच्या कादंबरीला जाहीर झालेला जर्मन पुरस्कार २० ऑक्टोबर २०२३ला फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात दिला जाणार होता. तो सोहळाही असाच ‘पुढे ढकलला’ गेला. जगभरच्या हजाराहून अधिक लेखक-प्रकाशकांनी सही करून निषेध केला. आपण निदान जुना शब्द तरी वापरायला नको होता. रद्द केला असेल तर रद्द म्हणा.

शेवटची तक्रार पुस्तकांची. कार्यक्रमासोबत प्रवेशद्वाराशी मांडलेली अकरा पुस्तकं, त्यातली सात माझी आणि चार वाचनालयाची, उचलून मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली गेली आहेत. आता ती मागितली तर ‘उपलब्ध नाही’ असं सांगितलं जातं. १९४८मध्ये पश्चिम जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी घरांतून सुमारे ३० हजार पुस्तकं गोळा केली गेली. त्यांपैकी सुमारे ६ हजार आजही इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि त्यांच्या क्रमांकाआधी दोन अक्षरं आहेत, ज्यांचा अर्थ ‘सोडून दिलेली मालमत्ता’. खलील सकाकीनी या शिक्षकाचा संग्रह त्यात गेला. १९६७नंतर त्यांच्या मुली त्या ग्रंथालयात गेल्या तेव्हा वडिलांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी असलेली पुस्तकं त्यांना तिथे दिसली. आणि मे २०२१मध्ये गाझातलं समीर मन्सूर यांचं दुकान बॉम्बनं पडलं, सुमारे १ लाख पुस्तकांसकट. जगभरातून लोकांनी पुस्तकं आणि पैसे पाठवले, फेब्रुवारी २०२२मध्ये ते पुन्हा उघडलं. इतक्या लांबच्या लोकांनी त्यांच्यासाठी पुस्तकं पोस्टात टाकली. आपल्याला फक्त कपाटाची किल्ली फिरवायची आहे.

आमच्या वाचकांबद्दलही सांगायला हवं. चौघं, सगळी पंचविशीच्या आतली. सहा आठवडे रोज संध्याकाळी माझ्या घरी जमली. एक मुलगा शाहिराच्या घरातला, डफ तोच वाजवणार होता. एक मुलगी पॅलेस्टिनी कवयित्री रफीफ झियादा यांची मंचावर म्हणायची कविता करणार होती. गाझावर हल्ला चालू असताना एका पत्रकारानं झियादांना विचारलं होतं, की तुम्ही तुमच्या मुलांना द्वेष शिकवणं थांबवलंत तर सगळं ठीक होणार नाही का? २०११मध्ये लंडनच्या मंचावर त्यांनी त्याला कवितेत उत्तर दिलं: आम्ही आयुष्य शिकवतो. आमची ही मुलगी मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभी राहून ओळी पाठ करायची. संहितेतल्या हिबा अबू नदा या ३२ वर्षांच्या कवयित्री २० ऑक्टोबर २०२३ला गाझातल्या खान युनिसमध्ये बॉम्बहल्ल्यात गेल्या. रिफात अल-अरीर हे गाझात इंग्रजी साहित्य शिकवणारे प्राध्यापक, ते ६ डिसेंबर २०२३ला भावाबहिणीसह गेले. आपण मेलो तर आपली गोष्ट सांगायला तू जग, असं त्यांनी कवितेत लिहून ठेवलं होतं. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलानं ती कविता मागून घेतली होती. कार्यक्रम रद्द झाल्याचं मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, पाठ झाली होती.’

माझ्या मागण्या साध्या आहेत. कार्यक्रम रद्द करण्याचा ठराव मंडळाच्या कोणत्या बैठकीत झाला, त्याचं इतिवृत्त सभासदांना पाहायला मिळावं. संहिता मंडळातल्या निदान तिघांनी पूर्ण वाचावी आणि कोणत्या पानावरचा कोणता मजकूर खटकतो ते लेखी कळवावं, मी लेखीच उत्तर देईन. येत्या तीन महिन्यांतली एक तारीख द्यावी, किंवा कार्यक्रम कधीच होणार नाही असं सरळ सांगावं, म्हणजे आम्ही दुसरी जागा बघू. ज्यांचा विरोध आहे त्यांना चर्चेसाठी मंचावर खुर्ची द्यावी, पहिला प्रश्न त्यांनीच विचारावा. अकरा पुस्तकं मांडणीवर परत यावीत. आणि यापुढे ठरलेला कोणताही कार्यक्रम, विषय कोणताही असो, सादर करणाऱ्यांना बोलावून ऐकून घेतल्याशिवाय रद्द होऊ नये, असा नियम व्हावा.

सभासदत्व मी सोडणार नाही. काही मित्रांनी तसा आग्रह केला. पण लहानपणी माझ्या आईच्या नावावरच्या कार्डावर मी वाचनालयाची पुस्तकं घरी नेत असे, आणि कार्डावर पुस्तक मिळण्याचा हक्क काय असतो ते मला तेव्हाच कळलं.

पाकीट आज सकाळी पुन्हा कार्यालयात दिलं आहे, पोच घेतली आहे. या वेळी सेलोटेप लावलेली नाही. कनफानींचा उतारा पान नऊपासून आहे.

आपली,
एक आजीव सभासद